जिन्यातला दिवा आणि तिसरीतली कृत्रिम बुद्धिमत्ता

जिन्यात दिवा एक असतो आणि बटणं दोन, एक खाली, एक वर. खालून लावलेला दिवा वर जाऊन बंद करता येतो, वरून लावलेला खाली येऊन. हे रोजच्या सवयीचं असल्यामुळे ते कसं होतं, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मी आठवीच्या मुलांसमोर दोन टू-वे स्विच, टॉर्चचा एक बल्ब, दोन सेल आणि थोडी वायर ठेवते आणि सांगते, जिन्याचा दिवा करून दाखवा.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक गट दोन्ही बटणं एकापाठोपाठ एक जोडतात. मग दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. दुसऱ्या प्रयत्नात बटणं शेजारीशेजारी, समांतर जोडली जातात. आता कुठलंही एक दाबलं की दिवा लागतो, पण खालच्याने लावलेला वरच्याला विझवता येत नाही. चिडचिड सुरू होते. कुणी वायरचं टोक दातांनी सोलायला जातं, त्याच्या हातात पक्कड द्यावी लागते. अर्धा तास गेल्यावर एखादी मुलगी स्विच उलटा करून बघते आणि म्हणते, "याला तीन स्क्रू आहेत." तिथून पुढे माझी गरज संपते. दोन्ही स्विचच्या मधून दोन वायरी ओढल्या जातात, खटखट वाजतं आणि बल्ब लागतो, विझतो, पुन्हा लागतो.

मग मी फळ्यावर चार ओळींचा तक्ता काढायला लावते. दोन्ही बटणं सारख्या स्थितीत असली तर दिवा बंद, वेगळ्या स्थितीत असली तर चालू. संगणकाच्या भाषेत याला एक्झॉर म्हणतात. आधीच्या दोन फसलेल्या जोडण्यांनाही नावं आहेत, पहिली अँड आणि दुसरी ऑर. संगणक एक अधिक एक करतो तेव्हा बेरजेचा अंक एक्झॉर देतो आणि हातचा अँड देतो. म्हणजे मुलांनी तासाभरात, चुकत चुकत, संगणकाच्या पोटातली बेरीज स्वतःच्या बोटांनी जोडलेली असते.

हा तास कुठल्या विषयाचा? विज्ञानाच्या बाई म्हणतात, आमच्या अभ्यासक्रमात समांतर जोडणी आहे, जिना नाही. संगणकाच्या सरांच्या पुस्तकात स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर ठोकळे जुळवून प्रोग्रॅम करायची भाषा आहे, वायर नाही. कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्डं करायची असतात. आपल्या वेळापत्रकात या तासाला जागा नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. तंत्रज्ञान शिकवायचं म्हणजे संगणक शिकवायचा, आणि संगणक शिकवायचा म्हणजे पडद्यासमोर बसवायचं, असं समीकरण आपण पक्कं करून टाकलं आहे. इंग्लंडने नेमकं हेच केलं आणि त्याची किंमत मोजली. त्यांचा अनुभव समोर असताना आपण त्याच वाटेने निघालो आहोत, आणि तेही त्यांच्याइतकी तयारी न करता.

तुलनेसाठी मी इंग्लंडच घेते, कारण शाळेतल्या संगणकाचा आपला आणि त्यांचा प्रवास एकाच यंत्रापासून सुरू झाला. बीबीसी मायक्रो नावाचा संगणक १९८१च्या अखेरीस तिथे बाजारात आला आणि तिथल्या शाळाशाळांत पोचला. भारत सरकारने १९८४-८५मध्ये 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळांत, तेव्हा आणला तोही बीबीसी मायक्रोच. यंत्र एकच होतं, पण त्याच्या अवतीभवती शाळेने काय उभं केलं ते वेगळं होतं.

इंग्लंडने १९८८मध्ये शिक्षण सुधारणा कायदा केला आणि पहिल्यांदाच सगळ्या सरकारी शाळांसाठी एक राष्ट्रीय अभ्यासक्रम आखला. त्यात १९९०पासून तंत्रज्ञान हा विषय पाच ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला सक्तीचा झाला. एवढ्या लहान वयापासून, एवढ्या व्यापक पातळीवर ही सक्ती करणारा तो जगातल्या अगदी पहिल्या देशांपैकी एक. त्याआधी तिथेही मुलगे लाकूडकाम आणि धातुकाम करत, मुली शिवण आणि स्वयंपाक शिकत, आणि 'हुशार' मुलं यातलं काहीच न करता लॅटिन शिकत. नव्या विषयाने ही वाटणी मोडायचा प्रयत्न केला. विषयाचं नाव पुढे 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' असं रूढ झालं आणि त्याचा गाभा साधा होता. कुणाची तरी खरी गरज ओळखा, तिच्यासाठी वस्तू आखा, ती बनवा, वापरून पाहा, कुठे फसली ते सांगा आणि सुधारा. गृहीत असं होतं की डॉक्टरच्या मुलानेही कानस मारावी आणि गवंड्याच्या मुलीनेही आराखडा काढावा. शालेय शिक्षणातल्या फार मोठ्या कल्पनांपैकी ही एक आहे, असं मला मनापासून वाटतं.

ती टिकली नाही. २००४मध्ये चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी हा विषय ऐच्छिक झाला. २०१०मध्ये 'इंग्लिश बॅकॅलॉरिएट' हा शाळा मोजायचा नवा मापदंड आला. त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, परभाषा, इतिहास किंवा भूगोल होते, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी नव्हतं. ज्या विषयाने शाळेचं नाव वर जात नाही त्याला मुख्याध्यापक पैसे देत नाहीत, हे जगात कुठेही खरं आहे. लाकूड, पत्रा, प्लास्टिक, यंत्रांची देखभाल, छोट्या तुकड्या, सगळंच खर्चाचं. २००९ ते २०२० या काळात हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांची संख्या निम्म्यावर आली आणि सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला तो घेणाऱ्या मुलांचं प्रमाणही जवळपास निम्मं झालं.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. ऑगस्ट २०११मध्ये एडिनबरोतल्या एका व्याख्यानात गूगलचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनी ब्रिटनला सुनावलं, की ज्या देशाने संगणक घडवला तिथल्या शाळांत आज संगणकशास्त्र शिकवलं जात नाही. जानेवारी २०१२मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जाहीर केलं की आयसीटी, म्हणजे वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंटच्या वळणाने चाललेला जुना विषय, मोडीत काढायचा. त्याच महिन्यात रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेचा अहवाल आला आणि त्यानेही शाळांतल्या संगणक शिक्षणाची अवस्था असमाधानकारक ठरवली. सप्टेंबर २०१४पासून 'कम्प्यूटिंग' हा नवा विषय सुरू झाला. पाच-सहा वर्षांच्या मुलांना अल्गोरिदम म्हणजे काय हे कळावं, अकरा ते चौदा या वयात किमान दोन प्रोग्रॅमिंग भाषा वापरता याव्यात आणि त्यातली एक तरी अक्षरांनी लिहायची असावी, ठोकळे जुळवायची नव्हे, अशी उद्दिष्टं त्यात लिहिली गेली.

कागदावर हे फार सुंदर आहे. मी तो अभ्यासक्रम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हेवा वाटला होता. सगळा मजकूर दोन-तीन पानांचा, एकेक वाक्य तोलून लिहिलेलं. पाच वर्षांच्या मुलाला अल्गोरिदम शिकवायला संगणक लागतच नाही, हेही तिथल्या चांगल्या शिक्षकांनी लगेच ओळखलं. दात घासायच्या पायऱ्या क्रमाने सांगा, आणि एक पायरी गाळली तर काय होतं ते करून बघा.

पण तीन वर्षांनी, २०१७मध्ये, रॉयल सोसायटीने पुन्हा पाहणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक शाळांत संगणकशास्त्र जीसीएसईला उपलब्धच नव्हतं आणि ते घेणाऱ्यांमध्ये मुली पाचात एक होत्या. शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः कधी प्रोग्रॅम लिहिलेला नव्हता. सरकारला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ८ कोटी ४० लाख पौंड वेगळे काढावे लागले, तेही विषय सुरू झाल्यावर. जुन्या आयसीटीची जीसीएसई परीक्षा बंद झाली, आणि तिच्याबरोबर त्या वाटेने येणाऱ्या, विशेषतः मुलींच्या, मोठ्या गटाला दुसरी वाट उरली नाही. डेटाबेस रचणं, एखाद्या दुकानाचा हिशोब मांडणं, माणसांना वापरता येईल असं पान आखणं ही कामं 'खऱ्या' संगणकशास्त्राच्या खालची ठरली. नोव्हेंबर २०२५मध्ये प्रा. बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालचा अभ्यासक्रम आढावा आला आणि सरकारने जीसीएसई संगणकशास्त्राच्या जागी अधिक व्यापक कम्प्यूटिंगची परीक्षा आणण्याचं जाहीर केलं. अकरा वर्षांनी गाडी पुन्हा रुंद रस्त्याकडे वळते आहे.

यातून इंग्लंड चुकलं एवढंच कुणी उचललं तर ते अर्धवट होईल. चूक मोजायची, छापायची आणि दुरुस्त करायची व्यवस्था त्यांच्याकडे आहे. किती शाळा विषय देतात, किती मुली घेतात, किती शिक्षक कमी झाले हे आकडे दरवर्षी समोर येतात, म्हणून वाद आकड्यांवर होतो. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. एका हाताने त्यांनी संगणकशास्त्र उचलून धरलं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने वस्तू घडवण्याचा विषय सोडून दिला. दोन्ही मिळून एकच शिक्षण आहे, हे त्यांनी १९९०मध्ये जवळजवळ ओळखलं होतं आणि वीस वर्षांत विसरून गेले.

आता आपल्याकडे वळू.

हाताने काम करत शिकण्याचा विचार आपल्याला बाहेरून घ्यावा लागला नाही. १८८२मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी-बाळबोध आणि हिशोबाच्या बरोबरीने शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य मागितलं होतं. शेतकऱ्याच्या पोराला शाळेतून काय मिळायला हवं याचं उत्तर त्यांनी त्याच्या रोजच्या जगण्यात शोधलं. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि नई तालीम जन्माला आली. हस्तोद्योग हा तिथे जोडविषय नव्हता. गणित, विज्ञान, समाज हे सगळं त्या उद्योगाच्या पोटातून शिकायचं होतं. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द दिला, १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य. शब्द बदलत गेले आणि प्रत्येक वेळी आशय थोडा थोडा पातळ होत गेला. माझ्या पिढीच्या गुणपत्रिकेत कार्यानुभव श्रेणीपुरता होता आणि ती श्रेणी सगळ्यांना अ मिळायची. खडूच्या पेट्या आणि रुमालावरची फुलं बहुतेकांच्या आयांनी केलेली असत.

याला एक ठळक अपवाद पुणे जिल्ह्यातच उभा आहे. पाबळला १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवर काम केलेला हा माणूस गावात जाऊन राहिला, आणि शाळेतल्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय त्याने बांधला. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन अशी त्याची चार अंगं. आठवड्यातला एक दिवस कामाचा. शिकवायला गावातलेच कारागीर. मुलं गावाला उपयोगी पडेल असं काम करणार, लोखंडी चौकट जोडून देतील, माती तपासून देतील, आणि त्या कामातून वेल्डिंग, मोजमाप, खर्चाचा अंदाज, विजेचा हिशोब शिकतील. महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळाने या विषयाला मान्यता दिली. फॅब लॅब म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू बनवायची प्रयोगशाळा. ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाची, आणि २००२मध्ये एमआयटीच्या बाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला उभी राहिली. ज्या अंगणात मुलं वेल्डिंग करत होती तिथेच संगणकाने चालणारी कापणी यंत्रं आली, आणि त्यात कुणालाही विसंगती वाटली नाही. जिन्याच्या दिव्यात मला जे दिसतं ते पाबळने चार दशकांपूर्वी पाहिलं होतं, माझ्याहून कितीतरी स्पष्ट.

मग देशाने पाबळ का उचललं नाही? काही शाळांत तो अभ्यासक्रम गेला, पण वेळापत्रकाच्या मध्यभागी तो कधीच आला नाही. उत्तर अभ्यासक्रमात नाही, समाजात आहे. तासणं, विणणं, ठोकणं, कातडं कमावणं, माती मळणं ही आपल्याकडे कौशल्यं म्हणून ओळखली गेली नाहीत, जाती म्हणून ओळखली गेली. वाचणारा हात आणि राबणारा हात वेगळ्या घरांत जन्मतात, ही समजूत आपण शाळेच्या फाटकावर उतरवून ठेवली नाही, आत नेली. दहावीला गुण कमी पडले की मुलाला आयटीआयला 'टाकतात'. टाकतात हे क्रियापदच पुरेसं बोलकं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्वतःच नोंदवलं आहे की १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी लोकांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेलं असतं. संगणक आपल्याला इतका पटकन आवडला त्याचं एक कारण तो हात काळे करत नाही, असं मला वाटतं. त्याला जात चिकटलेली नाही, तो इंग्रजी बोलतो, तो परदेशी नेतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी फार गांभीर्याने घेते. गावातल्या, वस्तीतल्या मुलांना हातकाम शिकवा असं म्हणणं म्हणजे त्यांना त्यांच्या बापाच्या कामालाच जखडून ठेवणं नव्हे का? शहरातली मुलं पायथनसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतील आणि आमची पोरं पुन्हा पक्कड धरतील? नई तालीमवरचा अविश्वास बऱ्याच अंशी इथूनच आला आणि तो निराधार नव्हता. ज्याच्या आजोबांना गावाने विहिरीजवळ येऊ दिलं नाही त्याला श्रमाच्या प्रतिष्ठेचं व्याख्यान ऐकवणं सोपं असतं, ऐकणं अवघड.

या आक्षेपाला माझं उत्तर एकच आहे. हे सगळ्यांसाठी असेल तरच करा. इंग्लंडने १९९०मध्ये हीच गोष्ट बरोबर केली होती, सक्ती सगळ्यांना. महागड्या शाळेतल्या, आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेतल्या मुलालाही पत्रा कापता आला पाहिजे, आणि आश्रमशाळेतल्या मुलीलाही प्रोग्रॅम लिहिता आला पाहिजे, एकाच अभ्यासक्रमात, एकाच वजनाच्या गुणांनी. इंग्लंडमध्ये तो विषय ऐच्छिक झाल्याबरोबर तो पुन्हा 'कमी हुशारांचा' ठरायला लागला. आपल्याकडे ऐच्छिकचा अर्थ जात आणि वर्ग मिळून ठरवतील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, हे मान्य करायलाच हवं. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकायचं, आणि मधल्या टप्प्यात कोडिंगही शिकायचं. २०२३चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणखी पुढे जातो. सजीवांबरोबरचं काम, यंत्रं आणि साहित्याबरोबरचं काम, माणसांच्या सेवेचं काम अशी तो विभागणी करतो आणि सहावी ते आठवी दरवर्षी प्रत्येकातला एक प्रकल्प सांगतो. त्यावर बेतलेलं सहावीचं 'कौशल बोध' हे पुस्तक एनसीईआरटीने काढलं. मी ते चाळलं, चांगलं आहे. आखणारे लोक समजूतदार आहेत याबद्दल मला शंका नाही.

पण शाळेत पोचतं ते काय? सीबीएसईने २०१९मध्ये नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. ऑक्टोबर २०२५मध्ये शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७पासून तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायचा. दहा दिवसांच्या दप्तरविरहित शाळेची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, तिसरीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिल्या पानावर. पालकसभेत कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलच विचारणा होते. शाळेच्या जाहिरातफलकावर तिचंच नाव येतं. आणि ज्या सरकारी माहितीवर हे सगळं उभं राहायचं आहे ती यूडायस सांगते, की २०२४-२५मध्ये देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक होता आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. आदल्या वर्षी हे आकडे ५७.२ आणि ५३.९ होते. वाढ चांगली आहे. तरी प्रत्येक तिसऱ्या शाळेत एकही संगणक नाही, आणि देशात एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. त्या एका शिक्षकाने चार इयत्ता एका खोलीत बसवून, पोषण आहाराची नोंद भरून, तिसरीला कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची आहे. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळांत विषयवार शिक्षक नेमायची पद्धत असतानाही घडी बसायला दहा वर्षं पुरली नाहीत.

संगणक असला म्हणजे काय होतं तेही मी पाहिलं आहे. मी ज्या शाळेत शिकले तिथल्या संगणक कक्षाबाहेर चपला काढाव्या लागत. आत बारा संगणक होते, प्रत्येकावर शिवून घेतलेलं प्लास्टिकचं आच्छादन. तीस-पस्तीस जण आत जायचो, एका खुर्चीभोवती तिघंतिघं, आणि उंदीर धरायला मिळायचा तो सरांच्या लाडक्या मुलाला. घरी येऊन वहीत मॉनिटर, सीपीयू, कीबोर्डचं चित्र काढायचं, रंगवायचं, नावं द्यायची. परीक्षेत सीपीयूचं पूर्ण रूप विचारलं जाई. मला ते आजही तोंडपाठ आहे. सीपीयूच्या पेटीचा पत्रा उघडून आत काय आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं ते नोकरी लागल्यावर, एका दुरुस्तीवाल्याच्या खांद्यावरून. त्याने मला रॅमची पट्टी काढून, खोडरबराने तिचे सोनेरी दाते पुसून, पुन्हा बसवायला दिली. यंत्र सुरू झालं. तेव्हा मला झालेला आनंद शाळेतल्या कुठल्याही संगणकाच्या तासाने दिला नव्हता, आणि शाळेने तो द्यायला हवा होता, त्याला काही खर्च नव्हता.

आज त्या कक्षाची जागा मोबाइलने घेतली आहे. ग्रामीण शिक्षणाची असर २०२४ ही पाहणी म्हणते, ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे वापरायला शिकवायची गरज राहिलेली नाही, ते पोरं एकमेकांकडून शिकतात. यंत्र आतून कसं चालतं, ते कुणी आणि कशासाठी असं बनवलं, मला दुसरं काही बनवता येईल का, हे शिकवायचं राहिलं आहे. ज्या मुलीने जिन्याचा दिवा दोनदा फसून तिसऱ्यांदा लावला आहे तिला यंत्र चुकतं, माणूस त्याची जोडणी करतो आणि जोडणी बदलता येते, हे अंगात मुरलेलं असतं. चॅटबॉटने दिलेलं उत्तर चुकीचं असू शकतं हे तिला वेगळं पटवावं लागत नाही. मला विचाराल तर तिसरीतल्या मुलाला कृत्रिम बुद्धिमत्तेची खरी तयारी इथून होते. बिया आकाराने, रंगाने वेगळ्या करायला लावा, वर्गीकरणाचा नियम त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि मग नियमात न बसणारी एक बी हातात द्या. यंत्राला शिकवताना नेमकी हीच अडचण येते. त्याला ना वीज लागते ना इंटरनेट.

पैसे नाहीत हे कारण मला पूर्ण पटत नाही. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेत वस्तू बनवून पाहायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, तिच्यासाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार करायचं जाहीर झालं. निधी आहे. त्यातून थ्रीडी प्रिंटर येतो, ड्रोनचा संच येतो, आणि अनेकदा ते कुलपात राहतं, कारण बिघडलं तर जबाबदार कोण? माझं म्हणणं आहे, त्याच निधीतून आधी गुण्या, करवत, कानस, पक्कड, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न प्रत्येक चार मुलांमागे एक संच घ्या, आणि तुटणार हे गृहीत धरून दरवर्षी बदलीचे पैसे ठेवा. न तुटणारं हत्यार म्हणजे न वापरलेलं हत्यार. थ्रीडी प्रिंटर त्यानंतर येऊ द्या, मुलांनी हाताने एक बिजागरी करून पाहिल्यानंतर. मग ती छापलेली बिजागरी का मोडते हेही त्यांना कळेल.

परीक्षेचंही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे जे दहावीला नाही ते शाळेत नाही. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला गुण आहेत, तसे तंत्रज्ञानाला हवेत, आणि तेही वस्तूवर, वहीवर नव्हे. मुलाने बनवलेली वस्तू, तिच्या फसलेल्या दोन आवृत्त्या आणि तिसरी का चालली याचं त्याच्याच भाषेत पाच मिनिटांचं सांगणं, एवढ्यावर गुण देता येतील. फसलेल्या आवृत्त्या ठेवायला लावल्या की आईने करून दिलेली वस्तू ओळखू येते.

राहिला शिक्षक. इंग्लंडने विषय आधी आणला, शिक्षक नंतर शोधले. पाबळने उलटं केलं, गावात आहेत त्यांना शिक्षक केलं. धोरणातही स्थानिक कारागिरांना शाळेत शिकवायला बोलावण्याची तरतूद आहे. प्रत्येक मोठ्या गावात आज मोबाइल दुरुस्त करणारा आहे, मोटार रिवाइंडिंग करणारा आहे, सौर पॅनेल बसवणारा आहे, शिवणयंत्रावर मापं काढणारी बाई आहे. यांपैकी कित्येकजण शाळेतून मधेच बाहेर पडलेले असतात, आणि शाळेने त्यांना मानाने आत बोलावणं हा मुलांसाठी स्वतःच एक धडा आहे. पण मानाने म्हणजे शनिवारी फुकट नव्हे. त्यांचा दिवस मोडतो, दुकान बंद राहतं. त्यांच्या तासिकेचा दर पदवीधर तासिका शिक्षकाएवढा असावा, बीएड नाही म्हणून कमी नसावा, आणि तो शासन निर्णयात आकड्यानिशी लिहिलेला असावा. तिसरीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं पुस्तक छापायला जाण्यापूर्वी तो आकडा जाहीर व्हावा.